शारदेची पट्टी

मी गणित शिकवते. करमाडच्या एका माध्यमिक शाळेत, आठवी ते दहावी. स्नेहसंमेलनात दरवर्षी होतं तेच होईल, म्हणजे दोन लावण्या, चार कोळीगीतं, एक शिवराज्याभिषेक, आणि सगळं मोबाइलवरच्या गाण्यांवर, असं मी धरून चालले होते. मुख्याध्यापक सरांच्या मनात कुठून आलं कोण जाणे, या वेळी संगीत नाटक करायचं आणि मुलांनी स्वतः गायचं. मराठीच्या मॅडम बाळंतपणाच्या रजेवर. सरांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला आवाज आहे," म्हणाले. आहे, मागच्या बाकापर्यंत पोचण्यापुरता.

संगीत नाटकाबद्दल मला ठाऊक होतं ते स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकापुरतं: १८८०, अण्णासाहेब किर्लोस्कर, 'शाकुंतल'. त्यात दोनशेच्या आसपास पदं आहेत असं कळल्यावर ते पुस्तक लगेच मिटलं. मग ग्रंथालयाच्या कपाटात गोविंद बल्लाळ देवलांचं 'संगीत शारदा' सापडलं, १८९९ सालचं. देवल १९१६ मध्ये गेले. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी आपल्याकडे साहित्यावरचा हक्क संपतो, म्हणजे परवानगीची चिंता नाही. तशी शाळेला कायद्यात सवलत आहेच, पण प्रेक्षक म्हणून विद्यार्थी, शिक्षक आणि पालकच हवेत. आमच्या गावात स्नेहसंमेलनाला अख्खी पेठ येते आणि प्रत्येक जण कुणाचा तरी काका असतो.

गोष्ट समजावून सांगावी लागली नाही. पैशाला चटावलेला कांचनभट, त्याची मुलगी शारदा, तिची मैत्रीण वल्लरी, श्रीमंत म्हातारा भुजंगनाथ, शारदेचं त्याच्याशी लग्न जुळवणारा भद्रेश्वर दीक्षित आणि त्या लग्नाला विरोध करणारा तरुण कोदंड. दिवाळीच्या सुट्टीनंतर हजेरी घेताना एखाद्या नावाला 'हजर' येत नाही आणि मुली वहीत तोंड घालतात, हे आमच्याकडे कुणालाच नवं नाही. वाचन झालं त्या दिवशी वर्ग इतका शांत होता की मला वाटलं, कंटाळले. कंटाळले नव्हते.

भूमिका वाटायला बसल्यावर माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. नववी-दहावीतल्या मुलांचे आवाज नुकतेच फुटलेले, त्यातले बहुतेक नुसते सावधान उभं राहायलाही लाजणारे. शेवटी भुजंगनाथ झाली आठवीतली एक मुलगी. किर्लोस्कर मंडळीत बालगंधर्वांनी शारदेचं काम केलं होतं. आमच्याकडे पोरीने दाढी लावली आणि कमरेत वाकून चालली. तिच्या आजोबांची चाल तिने जशीच्या तशी उचलली होती, हे तालमीला आलेल्या तिच्या आईनेच सांगितलं.

तालीम म्हणजे शेवटचे दोन तास. मुलींना नेणारी मानव विकासची निळी बस कुणासाठी थांबत नाही. त्यात कापूस वेचणीचे दिवस. वल्लरी आज शेतात, उद्या भद्रेश्वर, परवा दोघेही. मी प्रत्येक भूमिकेला दुसरं पोर तयार ठेवायला लागले, तेव्हा कुठे रात्री झोप लागायला लागली.

गाण्यासाठी मी आधी यूट्यूबवरून ट्रॅक उतरवून घेतले. सोपं वाटलं. पण ट्रॅक कुणासाठी थांबत नाही. शारदा रडायचा अभिनय करता करता खरंच गहिवरली, श्वास घ्यायला क्षणभर थांबली, तोवर ट्रॅक अंतऱ्यावर पोचलेला. पुढचं पद तिने त्याच्या मागे धावत म्हटलं. मग शिपाई मामांनी शेजारच्या गावातल्या भजनी मंडळाचे पेटीवाले अप्पा आणले. अप्पांनी ट्रॅक ऐकला, मोबाइल पालथा ठेवला आणि भाता उघडला.

त्यांच्याकडून मला जे कळलं ते कुठल्याच पुस्तकात वाचलं नव्हतं. आमच्या शारदेचा आवाज पेटीच्या काळी चार पट्टीत मोकळा लागतो. कोदंड झालेला दहावीतला मुलगा काळी एकच्या वर गेला की फाटतो. आता दोघांची पदं लागोपाठ. मी म्हटलं, मधली एखादी पट्टी धरू, दोघांनाही थोडं थोडं सोसावं लागेल. म्हणजे सरासरी, माझा धंदाच तो. अप्पा म्हणाले, "मॅडम, सरासरी काढली तर दोघंबी बुडतेत." त्यांनी केलं ते असं: काळी एकचा पंचम म्हणजेच काळी चार. शारदेचं पद तिच्या षड्जावर संपायचं, अप्पा तोच सूर धरून ठेवायचे, कोदंड त्याला आपला पंचम मानून खाली उतरायचा. तबला पुन्हा लावावा लागला नाही. काळी चारला लावलेला दोघांनाही चालला. हे गणित मला येत नव्हतं, पण बरोबर आहे हे कळत होतं. पुढे मी प्रत्येक पदासमोर पट्टी, किती ओळी ठेवल्या, श्वास कुठे घ्यायचा, असं सगळं एका वहीत मांडत गेले. ताना सगळ्या कापल्या. नऊ पदं ठेवली, तीही मुखडा आणि एकच अंतरा.

साऊंडवाला लग्नातला. इको बंद ठेव म्हटलं तर त्याला अपमान वाटला. हातातले माइक नाकारले, कारण माइक धरून रडणारी शारदा निवेदिकेसारखी दिसत होती. मंचाच्या कडेला तीन उभे माइक लावले आणि पद आलं की पोरांनी दोन पावलं पुढे यायचं, असं ठरवलं. पेटी-तबला मंचाखाली, मुलांकडे तोंड करून. त्यावरून गहजब झाला, कारण त्यांची पाठ प्रमुख पाहुण्यांकडे येत होती. मी बधले नाही. पेटीवाल्याला गाणाऱ्याचे ओठ दिसलेच पाहिजेत. पाहुण्यांचे एक वेळ नाही दिसले तरी चालतं. शेवटी अप्पा जरा तिरके बसले आणि सगळ्यांची अब्रू राहिली.

खरी अडचण मात्र संहितेत निघाली, आणि ती काढली भुजंगनाथाने. देवलांच्या नाटकात लग्न मोडतं ते वर आणि वधू एकाच गोत्राचे निघतात म्हणून. दाढी हातात घेऊन तिने विचारलं, "मॅडम, गोत्र येगळं असतं तर चाललं असतं का मंग?" वल्लरीने पुढचं विचारलं. "आन् शेवटी कोदंडाशी लावूनच देतेत ना तिचं? मंग काय फरक पडला?" मला उत्तर सुचेना. त्या काळाच्या मानाने देवलांनी फार मोठी गोष्ट केली, हे मी सांगितलं. पोरींनी ते मान्य केलं, पण प्रश्न सोडला नाही.

आम्ही शेवट कापला. गोत्राचा बोभाटा होतो, म्हातारा उठून जातो, मांडव रिकामा होतो. कोदंडाशी लग्न नाही. शारदा वल्लरीबरोबर घरी जायला निघते, आणि पडदा. थोर नाटकाला कात्री लावली म्हणून एका ज्येष्ठ शिक्षकांनी नाराजी कळवली. मला अजूनही ती कात्री योग्य वाटते. शाळेच्या मंचावर दहावीच्या पोरीला बोहल्यावर चढवून टाळ्या घ्यायच्या नव्हत्या.

प्रयोगाच्या रात्री रेल्वेने सगळ्यात मोठं काम केलं. ऐन पदात स्टेशनाकडून मालगाडीचा भोंगा वाजला. शारदा थांबली, अप्पांनी तो सूर तसाच धरला, भोंगा संपला, तिने पुढची ओळ उचलली. लोकांना वाटलं, असंच बसवलं आहे. ट्रॅक असता तर तिथेच संपलो असतो. भुजंगनाथाच्या दाढीची एक बाजू सुटली, तेव्हा तिने खोकत खोकत दाढी हाताने धरली आणि पद पूर्ण केलं. त्याला 'वन्समोअर' आला. भाषणात एका वक्त्यांनी १९२९ च्या शारदा कायद्याला या नाटकावरून नाव पडलं असं सांगून टाळ्या मिळवल्या. तो कायदा हरविलास सारडांच्या नावाने ओळखला जातो, आणि त्यात मुलीच्या लग्नाचं किमान वय चौदा होतं; अठरा झालं ते १९७८ मध्ये. हे मी दुसऱ्या दिवशी परिपाठात सांगितलं.

नऊ पदांची कापलेली संहिता आणि पट्ट्यांची वही शाळेच्या ग्रंथालयात ठेवली आहे. आसपासच्या कुठल्याही शाळेला 'शारदा' बसवायची असेल तर येऊन झेरॉक्स काढून न्या. पेटीवाला मात्र आधी शोधा.