भाषेचे प्रहर

परभाषा शिकण्यासाठी स्वदेश सोडण्याची प्रथा पुरातन आहे, आणि विद्येच्या ज्या पेठांनी दूरदूरच्या विद्यार्थ्यांना शतकानुशतके थारा दिला त्यांत स्पेनमधील सालामांका नगरीचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. लेओनचा राजा नववा आल्फोन्सो याने १२१८ साली येथे विद्यापीठ स्थापिले आणि दहाव्या आल्फोन्सोने १२५४ मध्ये त्यास राजसनद दिली. पुढे १४९२ च्या ऑगस्ट महिन्यात, कोलंबसची गलबते अज्ञात सागरावर निघून जेमतेम पंधरवडा उलटला असताना, आन्तोनियो दे नेब्रिहा या पंडिताचे कास्तिलियन भाषेचे व्याकरण याच गावी छापून प्रसिद्ध झाले. अशा स्थळी स्पॅनिशच्या अभ्यासासाठी एक सत्र काढावे, म्हणून दाखले, शिफारसपत्रे आणि व्हिसाचे सोपस्कार उरकून मी तेथे मुक्कामास गेलो. त्या सत्राने माझ्या मनावर एक गोष्ट कायमची ठसविली: भाषेचे खरे वास्तव्य तिच्या माणसांच्या दिनक्रमात असते, आणि त्या दिनक्रमाचा मनोभावे स्वीकार केल्यावाचून ती आपल्यावर पुरती प्रसन्न होत नाही.

सकाळचे प्रहर वर्गाचे असत. ही नगरी सुमारे आठशे मीटर उंचीच्या पठारावर वसलेली असल्यामुळे फेब्रुवारीतील थंडी बोचरी असे, आणि गारठलेल्या बोटांनी वहीवर पहिली अक्षरे उमटतात न उमटतात तोच शिक्षिकाबाई क्रियापदांच्या आवर्तनास आरंभ करीत. भूतकाळात एकदा घडून गेलेल्या क्रियेला एक रूप आणि नित्य घडत असलेल्या क्रियेला दुसरे, हा भेद माझ्या पुष्कळ सहाध्यायांना रुक्ष नियम वाटे. परंतु ‘आजोबा पहाटे उठत, ओसरीवर बसत, पोथी वाचीत’ अशी वाक्ये ज्याच्या कानावर लहानपणापासून पडली आहेत, त्याला तो रीतिभूतकाळ घरचाच वाटतो. एखादी वस्तू आवडली असे सांगताना कर्तेपण त्या वस्तूकडे सोपवून आपण चतुर्थीत उभे राहावे, ही रीतही दोन्ही भाषांत सारखीच, आणि ती उमगली त्या दिवशी मला जो आनंद झाला तो परमुलखात अकस्मात आप्त भेटावा तसा होता.

विद्यापीठाच्या जुन्या वास्तूत फ्राय लुइस दे लेओन या सोळाव्या शतकातील अध्यापकांचा वर्ग अद्याप जतन केलेला आहे. तेथे ओबडधोबड तासलेली लाकडे हीच विद्यार्थ्यांची बाके. बायबलातील ‘गीतरत्न’ त्यांनी लोकांच्या कास्तिलियन भाषेत उतरविले, आणि त्यांच्यावर ठेवलेल्या आरोपांत हाही एक होता. धर्मन्यायासनाच्या हुकुमाने १५७२ पासून १५७६ अखेरपर्यंत त्यांना वाय्यादोलिदच्या बंदिशाळेत राहावे लागले. त्याच काळात, १५७३ मध्ये, पैठणचे एकनाथ महाराज काशीक्षेत्री भागवताच्या एकादश स्कंधावरील आपली मराठी टीका सिद्धीस नेत होते. एकमेकांचे नावही ज्यांच्या कानी पडण्याचा संभव नव्हता, अशा त्या दोन सत्पुरुषांनी पवित्र वाणीचे धन आपापल्या लोकभाषेच्या पदरात घातले, या विचाराने त्या बाकांसमोर माझे मस्तक आपोआप लवले.

परंतु वर्ग सुटल्यावर नगरीच्या दुसऱ्या पाठशाळेस आरंभ होई. दुपारी दुकानांच्या फळ्या लागत, रस्ते ओस पडत आणि अडीचच्या सुमारास घरोघरी पाने मांडली जात. ज्या वृद्ध गृहिणीच्या घरी माझी व्यवस्था होती, तिच्या टेबलावर हरभऱ्यांचे कालवण आणि पाव संपून गेल्यावरही कोणी उठत नसे. रिकाम्या थाळ्या तशाच पुढ्यात असत आणि त्यांच्या साक्षीने बाजारातील भाव, पुतण्याची बदली, यादवी युद्धानंतरच्या टंचाईच्या, तिने आईच्या तोंडून ऐकलेल्या हकिगती, असे संभाषण तासभर वाहत राही. त्या ओघात प्रथम केवळ नाद कानी येत, मग नामे सुटी होऊ लागली, पुढे विनोद कळू लागले, आणि एप्रिलमध्ये एके दुपारी, मी नेहमीप्रमाणे ‘सेन्योरा, आपण’ असे म्हणताच, तिने माझ्या मनगटावर हात ठेवून यापुढे मला अहोजाहो करू नकोस असे सांगितले. कोणत्याही परीक्षेच्या प्रमाणपत्राहून ही सनद मला थोर वाटते.

सायंकाळी सारे गाव प्लाथा मायोर या चौकात लोटे. १७२९ ते १७५५ या काळात बांधलेल्या त्या भव्य चौकात नगरभवनाच्या घड्याळाखाली भेटण्याचा संकेत करण्याचा शिरस्ता आहे. तेथे आजीआजोबा, तान्ही मुले आणि विद्यार्थी एकाच संथ गतीने फेऱ्या घालतात. १९०५ पासून चालत आलेल्या नॉव्हेल्टी या कॅफेत एकेकाळी मिगेल दे उनामुनो यांच्यासारखे विद्वान गप्पांच्या बैठकीत रमत. ईस्टर उलटल्यावर येणाऱ्या एका सोमवारी तर अवघी नगरी तोर्मेस नदीच्या काठी जाऊन मांस आणि अंडी भरलेला ‘ओर्नाथो’ वाटून खाते, आणि त्या पंक्तीत परक्यालाही कोणी परके ठेवीत नाही.

सालामांकाच्या इमारती विय्यामायोरच्या ज्या दगडात घडल्या आहेत, तो खाणीतून निघतो तेव्हा ओलसर आणि मऊ असतो. त्या अवस्थेत त्यावर बारीक नक्षी कोरता येते, आणि वाळल्यावर तो कठीण होऊन सोनेरी झळाळी धारण करतो. परदेशातील पहिले महिने विद्यार्थ्याचे मन असेच असते: आपल्या गावचा मान, आपल्या भाषेतील वाक्पटुत्व, हे सारे सीमेपलीकडे राहिलेले असते, आणि म्हणूनच नवी भाषा त्यावर आपली रेघ उमटवू शकते. आठ-पंधरा दिवसांच्या प्रवाशाला हे मार्दव येण्याइतकी उसंत मिळत नाही. सत्राची मुदत त्यासाठी जेमतेम पुरते. यास्तव आपल्या मुलामुलींना परदेशी धाडणाऱ्या पालकांनी केवळ गुणपत्रकावरून त्या मुदतीचा हिशेब करू नये, आणि जाणाऱ्यांनी वर्गात नियम अवश्य घोकावेत. पण दुपारचे जेवण आटोपल्यावर अभ्यासाची सबब सांगून टेबलावरून लगबगीने उठू नये.