सुधारून घ्या, सुधारून!

आमच्या शहराला छत्रपती संभाजीनगर हे नाव मिळाले ते २०२३ साली. मी सांगतो आहे ते दिवस औरंगाबादचे. त्या काळी गुलमंडीच्या मागच्या गल्ल्यांतून दिवसभर आरोळ्या चालत. सकाळी कल्हईवाला येई आणि नवसागराच्या वासाने सबंध गल्ली भरून टाकी. मग सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारा येई. मृग लागायच्या आधी छत्र्या दुरुस्त करणारा फेरी मारी आणि ऐन दुपारी पिंजारी आपली तार छेडून लोकांची वामकुक्षी मोडी. घरातली कोणतीही वस्तू बिघडली की दारातच दुरुस्त होई. दुरुस्तीला कोणी काढत नसे तो फक्त घरातला माणूस! तो जसा असेल तसा चालवून घेत. काका तिरसट असले तर ‘त्यांचा स्वभावच तसा’ एवढ्यावर भागे, आणि आत्याबाईंचा हात आखडता असला तर पंगतीत तूप वाढायचे काम दुसऱ्या कुणाकडे देत. काका आणि आत्याबाई आहेत तसेच राहत, आणि पंगतही यथास्थित पार पडे.

हल्ली उलटे झाले आहे. वस्तू बिघडली की फेकून देतात आणि दुरुस्तीला माणूस काढतात!

औरंगपुऱ्यात पुस्तकांच्या एखाद्या दुकानात पाऊल टाकून पाहा. दर्शनी फळीवर पूर्वी कादंबऱ्या असत. आता तिथे हुकूम मांडलेले असतात. श्रीमंत व्हा. पहाटे उठा. शांत राहा. ‘नाही’ म्हणायला शिका. त्याच्या शेजारीच, ‘हो’ म्हणायला शिका. एका पुस्तकात महत्त्वाकांक्षेला सीमा नसावी असे लिहिलेले असते आणि त्याला टेकून उभ्या असलेल्या दुसऱ्या पुस्तकात आहे त्यात आनंद मानावा असे. ही दोन्ही पुस्तके एकाच गिऱ्हाइकाने एकाच दिवशी विकत घेतलेली मी पाहिली आहेत. दुकानदाराचा चेहरा मात्र शांत होता. त्याला तिसऱ्या पुस्तकाची गरज नव्हती.

आमचे मेहुणे बँकेतून निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांना शाल, श्रीफळ आणि डेल कार्नेगीचे पुस्तक दिले. हे पुस्तक १९३६ सालचे. हे कार्नेगी न्यूयॉर्कमध्ये १९१२पासून लोकांना चार माणसांत बोलायला शिकवीत असत. त्यांचा उपदेश तसा साधा आहे. समोरच्याचे नाव लक्षात ठेवावे, हसतमुख असावे, आपण कमी बोलावे आणि दुसऱ्याला त्याच्याबद्दल बोलू द्यावे. मेहुण्यांनी हे मनावर घेतले. योगायोग असा की त्यांच्या व्याह्यांनाही निवृत्तीच्या वेळी तेच पुस्तक मिळाले होते. दोघांची पहिली भेट आमच्याकडे झाली. दोघेही हसतमुख. दोघांनी एकमेकांची नावे तीन-तीनदा घेतली. नंतर मेहुणे म्हणाले, “तुम्ही आधी तुमच्याबद्दल सांगा.” व्याही म्हणाले, “छे छे, मला तुमच्याबद्दल ऐकायचं आहे!” यापुढे पंधरा मिनिटे दोघे एकमेकांकडे आस्थेने पाहत बसले. शेवटी सौभाग्यवतींनी कांदेपोहे आणून ठेवले, पोह्यांत मीठ कमी पडले होते, आणि त्या मिठावरून दोघांना बोलायला विषय मिळाला. पुढे दोघांची गट्टी जमली. श्रेय कार्नेगीला द्यावे की मिठाला, हा आमच्याकडे अजून वादाचा विषय आहे.

सौभाग्यवतींचा स्वतःचा प्रयोग एकवीस दिवसांचा होता. कोणतीही सवय एकवीस दिवस चिकाटीने केली की अंगवळणी पडते, हे वाक्य आता इतक्या ठिकाणी छापून येते की ते वेदांतलेच असावे असे वाटते. त्याचे मूळ मात्र वेदांत नाही. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाचे एक अमेरिकन प्लॅस्टिक सर्जन होते. नाक वा चेहरा बदललेल्या माणसाला आरशातला नवा चेहरा आपला वाटू लागायला साधारण एकवीस दिवस तरी जातात, असे त्यांच्या पाहण्यात आले. हे त्यांनी १९६०च्या आपल्या पुस्तकात लिहिले. ‘तरी’ हा शब्द वाटेत कुठे गळून पडला कोण जाणे. पण नव्या नाकाची मुदत आपण पहाटे उठण्याला, साखर सोडण्याला आणि रोजनिशी लिहिण्याला लावून मोकळे झालो! पुढे लंडनच्या एका विद्यापीठात संशोधकांनी शहाण्णव माणसांवर नीट पाहणी केली. सवय जडायला सरासरी सहासष्ट दिवस लागतात असे निघाले, आणि माणसामाणसांत फरक केवढा, तर अठरा दिवसांपासून दोनशे चोपन्न दिवसांपर्यंत! मी हे सौभाग्यवतींना सांगितले. त्या म्हणाल्या, “मग मला अजून दोनशे तेहतीस दिवस आहेत,” आणि पांघरूण ओढून घेतले.

खरे म्हणजे आमच्या शहराला भल्या पहाटे उठवायला पुस्तकाची गरजच पडू नये. पैठणचे एवढे मोठे धरण पन्नासएक किलोमीटरवर असूनही गेली कित्येक वर्षे नळाच्या पाण्याने आम्हांला दिवस मोजायला लावले. पाण्याचा दिवस असला की रात्री दोनला आमची सबंध गल्ली जागी! बादल्या, हंडे, पिंपे, मोटारीची घरघर. अशा वेळी कोणी कोणाला प्रेरणा देत नाही. वरच्या मजल्यावरच्या आजींची टाकी आधी भरायची, हे कोणी लिहून दिलेले नाही. पण ती आधी भरते.

आता हा धंदा परदेशातून आला, असे कोणी समजू नये. समर्थ रामदास १६०८ साली जांबला जन्मले. जांब आता जालना जिल्ह्यात मोडते. १९८१ साली तो जिल्हा वेगळा होईपर्यंत हे गाव आमच्याच जिल्ह्यातले. तेव्हा आत्मसुधारणेचे माहेर आमचे, असे म्हणायला हरकत नाही. दासबोधात काय नाही? अक्षर कसे काढावे, शाई-कागद कसे असावे, इथपर्यंत सगळे आहे. पण समर्थांची तऱ्हा निराळी. आजचा लेखक पहिल्या पानावर सांगतो, तुझ्यात एक राजा झोपलेला आहे. समर्थ मूर्खाची लक्षणे एकामागून एक मोजून दाखवतात आणि तेवढ्याने भागले नाही म्हणून पढतमूर्खांसाठी वेगळा समास काढतात. आपली स्तुती आपणच करणारा त्यांच्या यादीत सुरुवातीलाच सापडतो. आणि आजचे पुस्तक म्हणते, रोज सकाळी आरशासमोर उभे राहून आपली स्तुती आपणच करावी!

साहेबाच्या देशातली गोष्ट आणखी गमतीची आहे. ‘सेल्फ-हेल्प’ हे नाव ज्याने जगभर केले ते सॅम्युअल स्माइल्सचे पुस्तक १८५९ सालचे. ते जन्मले कसे? लीड्स शहरात काही कामकरी पोरे दिवसभर राबून संध्याकाळी एकत्र बसत. ज्याला थोडे जास्त येई तो कमी येणाऱ्याला वाचायला, लिहायला, हिशेब करायला शिकवी. खोली कोणती मिळाली, तर पूर्वी पटकीचे तात्पुरते रुग्णालय असलेली! त्यांनी स्माइल्सना चार शब्द सांगायला बोलावले. त्या भाषणांतून हे पुस्तक निघाले. म्हणजे ‘आपली मदत आपणच करा’ हा मंत्र मिळाला तो एकमेकांना मदत करणाऱ्या पोरांच्या खोलीत! पुढे आपल्या पुस्तकाचे नाव थोडे चुकलेच, असे स्माइल्सनाही वाटले. पण तोवर नाव पुढे गेले होते आणि खोली मागे राहिली होती.

इथपर्यंत सारे हसण्यावारी नेता येते. माझा एक भाचा आहे, त्याच्यापाशी येऊन माझे हसणे थांबते.

भाचा बीडकडच्या एका खेड्यातला. स्पर्धापरीक्षेसाठी शहरात आला आणि एका अभ्यासिकेत जागा घेऊन राहिला. अशा अभ्यासिका आमच्याकडे गल्लोगल्ली आहेत. पाटीएवढे टेबल, डोक्यावर पंखा आणि समोरच्या भिंतीवर चिकटवलेली यशाची वाक्ये. भाच्याने एक दोनशे पानी वही केली होती. तीत तो रोज शंभर वेळा लिही, की मी अधिकारी झालो आहे. ‘होईन’ लिहायचे नाही, ‘झालो आहे’ असेच लिहायचे, असा पुस्तकाचा दंडक होता. तिसऱ्यांदा निकाल लागला आणि यादीत नाव नव्हते. काही शेकडा जागा आणि लाखांनी अर्ज. यादीत नसलेल्यांची संख्या किती मोठी होती ते कोणालाही कळेल. पण भाचा खोलीबाहेर येईना. मी गेलो तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडला होता. म्हणाला, “मामा, माझ्या विचारांतच खोट होती. लिहिताना मनात शंका यायची.”

या एका वाक्यासाठी त्या पुस्तकांवर माझा राग आहे. जमीन कोरडवाहू, बापाला कर्ज, इंग्रजीची भीती, जागा थोड्या; यांतले काही त्याला दिसेना. दिसत होते ते फक्त स्वतःचे मन आणि त्यातली खोट. पुस्तकाची युक्ती अशी की फळले तर श्रेय पुस्तकाचे आणि न फळले तर दोष वाचणाऱ्याचा. एवढा बिनधोक धंदा कल्हईवाल्यालाही कधी साधला नाही. त्याचे भांडे आठ दिवसांत काळे पडले तर आमची आजी ते त्याच्या पुढ्यात आपटीत असे! कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी २००९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ज्यांचे स्वतःबद्दलचे मत मुळातच हलके आहे, त्यांनी आपल्याच गौरवाचे वाक्य घोकले की त्यांना आधीपेक्षा वाईट वाटते, असे त्यांना आढळले. हे माझ्या भाच्याला कोण सांगणार?

सांगितले कोणीच नाही. खानावळीच्या मावशी मात्र दोन जिने चढून आल्या. तीन दिवस डबा तसाच परत येत होता. दारातूनच म्हणाल्या, “कामून रे लेकरा, जेवायला येईना गेलास? पैशाचं मी काही बोलले का?” पिठलं-भाकरी समोर ठेवली आणि तो खाईतो हलल्या नाहीत. जाताना म्हणाल्या, “माझ्या पोराचं गणित लई कच्चं आहे. सांजच्याला अर्धा घंटा येत जा.” निकालाबद्दल एक शब्द नाही, मनाबद्दल नाही आणि विचारांच्या शक्तीबद्दल तर नाहीच नाही. भाचा पहिल्या दिवशी केवळ भाकरीच्या उपकारापोटी गेला. पुढे त्या पोराबरोबर आणखी चार पोरे येऊ लागली. आता तो एका शिकवणीत गणित शिकवतो. परीक्षा पुन्हा द्यायची की नाही, ते त्याने अजून ठरवलेले नाही. ताईला काळजी आहेच. पण तो जेवतो, हसतो, आणि त्या वहीची उरलेली कोरी पाने मावशींच्या पोराच्या त्रैराशिकांनी भरली आहेत.

आपण आपल्या जीवनाचे शिल्पकार, असे म्हणतात. वेरूळ आमच्यापासून तीसेक किलोमीटरवर. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळी, डोंगर वरून खाली कोरीत कैलास लेणे उतरवले. मी ते पुष्कळदा पाहिले आहे. त्यात स्वतःला कोरून घेतलेला एकही दगड मला आढळला नाही!

आणि शहरातच पाहायचे तर पाणचक्की आहे, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात. डोंगरातल्या झऱ्याचे पाणी जमिनीखालून मातीच्या नळांनी दूरवरून आणले, भिंतीवर चढवले आणि उंचावरून खाली सोडले. त्या पाण्याच्या जोरावर जाते फिरे आणि फकिरांसाठी, यात्रेकरूंसाठी पीठ दळले जाई. पाहुणे येतात आणि जाते पाहून म्हणतात, “वा! आपोआप फिरायची!” नळ जमिनीखाली असल्यामुळे कोणाला दिसत नाहीत. स्वतःच्या बळावर मोठे झालेले गृहस्थ जेव्हा आपली कहाणी लिहितात, तेव्हा मला त्या जात्याची आठवण होते. ते फिरले हे खरेच; पण डोंगर, झरा आणि नळ घालणारे हात त्या पुस्तकात शोधूनही सापडत नाहीत.

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत कोणी तुम्हांला असले पुस्तक भेट दिले तर अवश्य घ्या. पहाटे उठावे, कमी बोलावे, नावे लक्षात ठेवावी, हे सारे चांगलेच आहे. फक्त ‘सगळे तुझ्याच हाती आहे’ हे पान आले की एकदा शेजारच्या घरात डोकावून या. तिथला एखादा मुलगा दोन दिवस खाली उतरलेला नसेल तर त्याला फराळाला हाक मारा. आणि शेजारून आलेला डबा रिकामा परत करू नये, एवढी आपल्या आज्यांची जुनी सवय तेवढी राखा. ती लागायला एकवीस दिवस लागत नाहीत. दोन चकल्या पुरतात.