दुसरी केबल

"सर, पत्त्यांचं सम-विषम कशाला बघायचं? आता एनकनेक्ट आहे ना!" टीममधल्या नव्या मुलीनं हे सहज विचारलं आणि माझ्या हातातली विद्या जुनी होत चालल्याचं मला जाणवलं.

एनएफएस ३ चा हट्ट मी वर्षानुवर्षं सांभाळला. डेटास्टोअर एक, तर डेटासाठी टीसीपी कनेक्शनही एकच. मागे चार लिंक बांधल्या तरी ते बसणार एकाच केबलवर. आयपी हॅश वाटणी करतो ती पत्त्यांवरून. दोन लिंक असल्या की निकाल शेवटच्या बिटवर लागतो. होस्टचा पत्ता ११ ने संपतो आणि स्टोरेजचे २० आणि २२ ने, तर दोन्ही डेटास्टोअर एकाच केबलवर. २२ चा २१ करा, दुसरी केबल कामाला लागते. कुठला डेटाबेस कुठल्या पत्त्यावर ठेवायचा, हे मी कागदावर मांडत बसायचो. तरीही एक खोच राहायचीच: हॅशला पत्ते दिसतात, भार दिसत नाही. रात्री बॅकअप एका डेटास्टोअरवर तुटून पडला की एक गिगाबिटची केबल गच्च आणि शेजारची रिकामी.

आयस्कझीवाल्यांना हा ताप नव्हता. प्रत्येक व्हीएमकर्नल पोर्टला आपली केबल, वर राउंड रॉबिन. दर १००० कमांडनंतर मार्ग बदलतो, हवं तर तो आकडा १ करा. त्यांचा मला हेवा वाटायचा. पण ईएसएक्सटॉपमध्ये दोन्ही व्हीएमनिकसमोर सारखे आकडे उमटले की मी शेजारच्यांना हाका मारून दाखवायचो. त्या आकड्यांचा मला गर्व होता आणि आहे.

व्हीस्फिअर ८ च्या अपडेट १ पासून एनकनेक्टमुळे एनएफएस ३ ला एका डेटास्टोअरसाठी अनेक कनेक्शन मिळाली. पण पत्त्यांची जोडी तीच असेल, तर आयपी हॅश ती सगळी पुन्हा एकाच केबलवर बसवतो. ती फाकवायची तर डिस्ट्रिब्युटेड स्विचवर एलएसीपी घ्या आणि हॅशमध्ये टीसीपी पोर्टही धरा. शिवाय होस्ट ठरवतो ते फक्त बाहेर जाणाऱ्या ट्रॅफिकचं. वाचलेला डेटा कुठल्या केबलनं परत यावा, हे समोरचा स्विच ठरवतो. मुलीला मी हे फळ्यावर काढून दाखवलं.

२५ गिगाबिटची कार्डं आली आणि हे बघण्याची सवयच गेली. लिंकचा दिवा हिरवा आहे म्हणजे वाटणी होतेय, असं सर्रास धरलं जातं. मला हे पटत नाही. बॅकअप चालू असताना एकदा होस्टवर आणि स्विचवर, दोन्हीकडे, प्रत्येक केबलचे आकडे स्वतः बघा.