वैजनाथाचा वैद्यनाथ कशाला?

परळी वैजनाथ,
श्रावणातला दुसरा सोमवार

चि. वैजनाथ यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. नावाचं गॅझेट करून पासपोर्टवर ‘वैद्यनाथ’ लावायचं म्हणतोस. जर्मनीत कुणी अर्थ विचारला की अवघडायला होतं म्हणे. अरे, अवघडायचं काय त्यात?

अद्यचं आज झालं, विद्युतची वीज झाली, तसाच वैद्यनाथाचा वैजनाथ. ‘द्य’चा ‘ज’ करायची ही प्राकृताची जुनी चाल आहे. तोच देव बंगालात बैद्यनाथ होतो, हिमाचलात बैजनाथ, आणि तमिळ घरांत पोराचं नाव वैद्यनाथन. यातलं शुद्ध कोणतं नि अशुद्ध कोणतं, सांग बरं!

आपल्या बीड जिल्ह्यात तर हे पावलोपावली आहे. योगेश्वरीची जोगाई झाली. निजामाच्या कागदांत तिच्या गावाला मोमिनाबाद म्हणत, लोकांनी आंबाजोगाई काही सोडलं नाही. आष्टीकडे मच्छिंद्रगड, पाटोद्याकडे गहिनीनाथगड. त्यामुळे त्या भागात मच्छिंद्र, जालिंदर, नवनाथ हवे तेवढे भेटतात. संस्कृतात तो मत्स्येंद्र, पण त्या नावानं पोराला हाक मारणारी आई मला अजून भेटायची आहे. पार नेपाळातही तो मच्छिंद्रनाथच.

आता तुझ्या जर्मनांचं बघ. त्यांची जुनी नावंही आपल्या वैद्य-नाथसारखी दोन शब्द जोडून केलेली. विल्हेल्ममध्ये इच्छा आणि शिरस्त्राण, फ्रीडरिशमध्ये शांतता आणि राजा. विल्हेल्म इंग्लंडात विल्यम झाला, फ्रान्समध्ये सुरुवातीच्या ‘व’चा ‘ग’ होऊन गियोम. क्लोविस, लुडविग आणि लुई हे तर एकाच नावाचे तीन अवतार. फ्रान्सच्या गादीवर इतके लुई बसले, पण एकानंही नाव शुद्ध करून घेतलं नाही. घरात फ्रीडरिशचा फ्रिट्झ होतो, हाइनरिशचा हाइन्झ. तुझा वैजू झाला तसाच.

नावं शुद्ध करायची ही हौस शाळेच्या दाखल्यांतून आली, असं माझं मत. आजीला ती कधीच नव्हती.

तेव्हा गॅझेटच्या भानगडीत पडू नकोस. दहावीच्या गुणपत्रिकेपासून पदवीपर्यंत सगळीकडे वैजनाथच आहे. एका ठिकाणी बदललंस की सगळीकडे बदलत बसावं लागेल, आणि इथल्या कचेऱ्यांच्या चकरा मलाच माराव्या लागतील.

तुझा,
काका