दोन वर्षांचं माप, चाळीस वर्षांचं काम

८ नोव्हेंबर २०२४, बसवनगुडी, बंगळुरू

आज डॉ. कमल रणदिवे यांचा जन्मदिवस. १९१७ साली पुण्यात जन्म, पुढे फर्ग्युसन, मग मुंबईत डॉ. वसंत रामजी खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये पीएच.डी. पेशींवर काम करणाऱ्या आम्हा बायकांना ही वाट त्यांनी घालून दिली. आणि नेमकी आजच एका संस्थेकडून बढतीच्या उमेदवाराची फाईल माझ्या मतासाठी आली. पहिल्या पानावर पेपर किती, सायटेशन किती, एच-इंडेक्स किती. काम काय केलं, ते बरंच मागे.

११ नोव्हेंबर

एच-इंडेक्स २००५ साली हिर्श या भौतिकशास्त्रज्ञानं सुचवला. ज्याचे वीस पेपर प्रत्येकी निदान वीस वेळा उद्धृत झाले, त्याचा इंडेक्स वीस. इम्पॅक्ट फॅक्टर त्याहून जुना आणि तो नियतकालिकाचा: मागच्या दोन वर्षांत छापलेला पेपर यंदा सरासरी किती वेळा उद्धृत झाला, एवढंच तो सांगतो. तो माणसाला लावणं मला मुळातच चूक वाटतं.

वरच्या मजल्यावर राहणारी पीएच.डी.ची मुलगी विचारून गेली, "काकू, एच-इंडेक्स किती असला तर मुलाखतीला बोलावतात हो?" मी तिला तिच्या पेशींबद्दल विचारलं, तर जिन्यात उभ्या उभ्या अर्धा तास बोलली. तिचं काम मला त्या अर्ध्या तासात कळलं.

१५ नोव्हेंबर

दिवसभर रणदिवेबाईच डोक्यात. कर्करोग आणि कुष्ठरोगावर त्यांचे दोनशेहून अधिक पेपर. त्यातला एक १९५८ चा, बापट आणि खानोलकरांच्या जोडीनं लिहिलेला. कुष्ठरुग्णांच्या गाठींतून काढलेला एक जिवाणू मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये काचपात्रात वाढला. कुष्ठरोगाचा खरा जिवाणू आजही काचपात्रात वाढत नाही, आणि हा दुसऱ्याच गटातला असल्याचं पुढे दिसलं. कडक परीक्षक इथेच फुली मारेल. पण त्याच जिवाणूपासून पुढे कुष्ठरोगावरची, त्या सेंटरच्याच नावाची आयसीआरसी लस तयार झाली. तमिळनाडूतल्या मोठ्या चाचणीत तिनं सुमारे ६५ टक्के संरक्षण दिलं. त्याच चाचणीत नुसत्या बीसीजी लशीचं संरक्षण ३४ टक्के होतं. हे निष्कर्ष छापून आले १९९८ मध्ये. मधली चाळीस वर्षं कोणत्या इंडेक्समध्ये बसवायची?

१८ नोव्हेंबर

बाई पीएच.डी.नंतर बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांच्याकडे ऊती-संवर्धन शिकल्या. १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या रुग्ण स्त्रीच्या गाठीतल्या, तिला न विचारता घेतलेल्या पेशी याच गाय यांच्या प्रयोगशाळेत अखंड वाढत राहिल्या. त्याच हेला पेशी. त्यांच्याबद्दल गाय यांनी १९५२ मध्ये छापलं ते एका परिषदेतलं छोटंसं सारांश-टिपण. पेपर लिहिण्यात ते मंदच. पेशी मात्र मागेल त्याला पाठवत राहिले, आणि त्यावर जगभर संशोधन उभं राहिलं.

बाईंनी परत येऊन मुंबईत देशातली पहिली ऊती-संवर्धन प्रयोगशाळा उभारली. १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन करण्यात पुढाकार घेतला. नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास केला. १९८२ मध्ये पद्मभूषण मिळालं. उमेदवाराच्या मूल्यमापनासाठी आज आलेल्या फॉर्ममध्ये प्रयोगशाळा उभारणीला एक ओळ आहे, 'इतर' या सदराखाली.

२५ नोव्हेंबर

कार्तिकातला शेवटचा सोमवार, कडलेकाई परिषे, म्हणजे भुईमुगाच्या शेंगांची जत्रा. बुल टेंपल रोडवर शेंगांचे ढीग, माणसांचा पूर. खिडकी लावून घेतली आणि त्या फाईलवरचा अहवाल पुरा केला.

त्यात डोरा जाहीरनाम्याचा आधार घेतला. नियतकालिकाच्या आकड्यावरून माणसाची नेमणूक, बढती ठरवू नका, असं तो म्हणतो. हा विचार पेशीशास्त्रज्ञांच्याच घरातला: डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकन सोसायटी फॉर सेल बायॉलॉजीच्या सॅन फ्रान्सिस्को अधिवेशनात तो मांडला गेला. उमेदवारानं तयार केलेल्या पेशी-वाणांचा वापर इतर प्रयोगशाळा करतात, हे मी पहिल्या परिच्छेदात लिहिलं. शिफारस पूर्ण, बिनशर्त.

माझ्याप्रमाणे ज्यांच्याकडे मत मागितलं जातं त्यांना एक विनंती. पहिलं पान उलटा, उमेदवाराचा एक तरी पेपर पद्धतीच्या भागासकट पूर्ण वाचा, आणि मगच सही करा.