धबधबा चढणारा मासा

‘गोबी’ म्हटलं की तुम्हाला भाजीच आठवेल, नाही का? पण आज आपण ओळख करून घेणार आहोत ती गोबी नावाच्या चिमुकल्या माशाची. त्यासाठी चला, थेट पॅसिफिक महासागरातल्या हवाई बेटांवर!

हिलो हे तिथलं धो धो पावसाचं गाव. त्याच्या उत्तरेला आकाका धबधबा आहे. रानातली पायवाट चालून गेलं, की समोर दिसते पाण्याची पांढरीशुभ्र धार. उंची ४४२ फूट, म्हणजे कुतुबमिनारच्या जवळजवळ दुप्पट! आणि गंमत म्हणजे, धबधब्याच्या वरच्या ओढ्यातही गोबी राहतो. त्याचं नाव ‘ओओपू आलामोओ’. पुरता वाढला तरी वीतभरसुद्धा नसतो.

मग हा वर पोचला कसा? ऐका तर. त्याची अंडी ओढ्यातच असतात. पिल्लं बाहेर आली, की प्रवाहाबरोबर वाहत समुद्रात जातात. काही महिन्यांनी ती पुन्हा एखाद्या ओढ्याच्या मुखाशी येतात. तेव्हा ती असतात जेमतेम दीड सेंटिमीटरची! तिथे ‘अकुपा’ नावाचा खादाड मासा टपलेलाच असतो. पण अकुपाला कडा चढता येत नाही, गोबीला येतो! त्याच्या पोटाखालचे दोन पर जुळून वाटीसारखे झालेले असतात. ही वाटी ओल्या खडकाला घट्ट चिकटते. मग शेपटीचा झटका, थोडी चढण, थोडी विश्रांती, पुन्हा झटका!

मात्र या प्रवासाला डोंगरापासून समुद्रापर्यंत वाहतं पाणी हवं. उसाला पाणी किती लागतं, हे आपल्याला काय सांगायला हवं? ओआहू बेटावर १९१६ साली वाइआहोले भागातल्या ओढ्यांचं पाणी बोगद्यातून डोंगरापलीकडच्या उसाला नेलं गेलं. ओढे रोडावले. १९९५ च्या सुमारास ऊस थांबला, तेव्हा अळूची शेती करणारे गावकरी म्हणाले, “आमचं पाणी परत द्या.” २००० साली हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की पाणी ही सर्वांसाठी जपायची ठेव आहे. काही पाणी ओढ्यांत परत आलं, आणि गोबीची वाटही थोडी मोकळी झाली.

आता पावसाळ्यात ओढा दिसला, की क्षणभर थांबा. तो कुठून येतो, समुद्रापर्यंत पोचतो का, की मधेच अडतो? बाबांना विचारा, आजोबांनाही विचारा. त्या पाण्यातही कुणीतरी प्रवासाला निघालेलं असेल!