बारा वर्षांचा बागुलबुवा

संपादकांनी ‘कायद्यातलं सोपं काहीतरी’ मागितलं. दिवाणी वकिलाकडे सोपं काय असणार? पण पावसाळ्यात एक मुंबईकर गृहस्थ आले. कोकणात वडिलोपार्जित जमीन, आणि मी वकिली सुरू केल्यापासून ऐकतोय तोच प्रश्न : “चुलतभाऊ बारा वर्षं कसतोय. जमीन गेली ना?”

नाही गेली. भाडेकरू, राखणदार, सहहिस्सेदार यांचा ताबा नुसती वर्षं मोजून प्रतिकूल होत नाही. मालकाचा हक्क उघड नाकारून, त्याला कळेल अशा रीतीनं सलग बारा वर्षं ताबा लागतो. मग १९६३च्या मुदत कायद्याचा अनुच्छेद ६५ जागा होतो. सरकारी जमिनीला तीस वर्षं. सातबाऱ्यावर नाव लागलं की मालकी आली, हा आणखी एक लाडका गैरसमज. त्याबद्दल बोलायला लागलो तर पुढचा दिवाळी अंक उजाडेल.

खरी गंमत इंग्लंडात झाली. बर्कशायरमधली सुमारे २३ हेक्टर जमीन पाय नावाच्या कंपनीची. शेजारच्या ग्रॅहम कुटुंबाचा चराईचा करार १९८३ अखेर संपला. कंपनीनं तो पुन्हा करायला नकार दिला, पण ग्रॅहम काही हलले नाहीत. २००२ साली हाउस ऑफ लॉर्ड्सनं जमीन त्यांचीच ठरवली. हा निष्कर्ष आपण उत्साहानं काढत नाही, असं लॉर्ड बिंगहॅमनी नोंदवूनही ठेवलं. कंपनी स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात गेली. २००५मध्ये चार विरुद्ध तीन मतांनी जिंकली. ऑगस्ट २००७मध्ये तिथल्याच मोठ्या पीठासमोर दहा विरुद्ध सात मतांनी हरली.

आता माझं जुनं दुखणं. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २००७मध्ये, मुनिचिक्कन्ना रेड्डी खटल्यात, त्या २००५च्या निकालाचा आधार घेत मालमत्तेचा हक्क मानवी हक्कांच्या रांगेत बसवला. चारच महिन्यांत तो आधार उलटला. तरी २००८च्या हेमाजी वाघाजी निकालात तीच विचारसरणी पुढे चालली : हा कायदा अतार्किक आहे, सरकारनं त्याचा फेरविचार करावा. पुढे २०१९मध्ये त्याच न्यायालयानं, बारा वर्षं भरलेला ताबेदार स्वतः दावाही लावू शकतो, असं ठरवलं. पक्षकाराला काय सांगायचं?

इंग्लंडनं २००२च्या नोंदणी कायद्यानं ही पळवाट जवळपास बुजवली. ताबेदारानं दहा वर्षांनी अर्ज केला, की नोंदणी कार्यालय मालकाला कळवतं; मालकानं हरकत घेतली, तर बहुधा अर्ज फेटाळला जातो. मग मालकाला ताबा सोडवायला दोन वर्षं. आपणही तेच करावं, असं म्हणणारे एक विसरतात. तिथलं नोंदणीपुस्तक हाच मालकीचा पुरावा आहे. आपल्याकडे दस्त नोंदला जातो, मालकी नव्हे. कळवायचं कुणाला? मेलेल्या आजोबांना? २०२३मध्ये विधी आयोगानं आपल्या २८०व्या अहवालात बदल नको असं सांगितलं. दोन पदसिद्ध सदस्यांनी असहमती नोंदवली. अन्याय मलाही दिसतो, पण मी आयोगाच्या बाजूचा, नाइलाजानं.

त्या गृहस्थांना म्हटलं, घाबरू नका, पण गाफीलही राहू नका. “वकिलाची नोटीस पाठवून ठेवलीय ना,” ते म्हणाले. तुमच्यापैकीही अनेकांनी पाठवली असेल. नुसत्या नोटिशीनं मुदत थांबत नाही. भाऊ उघडपणे हक्क नाकारू लागला, की बारा वर्षांच्या आत दावाच दाखल करावा लागतो.